‘डायरेक्ट नवीन मिळेल मॅडम’ म्हणाले होते, आता साठ टक्क्यांचं व्हाउचर देतायत

नेरुळच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय, मोठं होतं, गाळून देतेय. 2023 च्या दसऱ्याला त्यांनी 55 इंची टीव्ही घेतला, बिल 63,990 रुपये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या मॅडम, काही झालं तर डायरेक्ट नवीन टीव्ही’, म्हणून वर 6,499 भरून दोन वर्षांचा प्लॅन घेतला, म्हणजे कंपनीचं एक वर्ष आणि प्लॅनची दोन. मिस्टर तेव्हाच म्हणाले होते की हे पैसे पाण्यात. आता टीव्हीवर मधोमध उभ्या रेषा आल्यात. टेक्निशियन येऊन गेला, पॅनेल, म्हणजे टीव्हीचा पडदा, गेलंय म्हणाला, आणि ते पॅनेल आता येत नाही म्हणाला. पाच आठवडे फोनाफोनी केल्यावर प्लॅनवाल्यांनी फोनवर सांगितलं की बिलाच्या 60 टक्के, म्हणजे 38,394 रुपयांचं व्हाउचर देतो, त्याच दुकानात वापरायचं, जुना टीव्ही परत द्यायचा, तीन दिवसात कळवा. मुलगा म्हणतो ग्राहक कोर्टात खेचू. मिस्टर म्हणतात मी सांगत होतो. सासरे दिवसभर मोबाइलवर बातम्या बघून डोळे चोळतायत. ताई लिहितात, ‘फसवणूक झाली आणि ती मीच करून घेतली असं वाटतंय. व्हाउचर घेतलं तर हरल्यासारखं होईल. काय करू?’

ताई,

आधी एक कबुली देऊन टाकते. मी सहा वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरला बसायचे, जॉबशीट लिहायला, म्हणजे काय बिघडलं आणि टेक्निशियनला काय सापडलं त्याचा कागद. म्हणजे फोनवर तुम्ही जिला ‘तुमच्या साहेबांना द्या’ म्हणालात ना, तशीच एक मी. तेव्हा पुढे जे सांगतेय ते थोडं काउंटरच्या आतल्या बाजूने आहे असं समजा.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. दुकानातला मुलगा म्हणाला, टेक्निशियन म्हणाला, फोनवरची मुलगी म्हणाली, मिस्टर म्हणाले, मुलगा म्हणतो. अख्ख्या पत्रात ‘कागदावर असं लिहिलंय’ हे एकदाही नाही. पाच आठवडे हे चाललंय आणि सगळं तोंडी. टेक्निशियनने जॉबशीट दिली का, त्यावर काय लिहिलं, ते पण नाही. प्लॅनचा कागद तुम्ही बहुतेक उघडलेलाच नाहीये, आणि त्यात लाजायचं काही नाही, आपल्याकडे असले कागद खोक्यात राहतात, खोका माळ्यावर जातो आणि माळा दिवाळीच्या साफसफाईलाच उघडतो.

तर या वेळी आधी उघडा. माळ्यावर नसेल तर ईमेलमध्ये किंवा एसएमएसच्या लिंकमध्ये असेल, बिलाच्या तारखेच्या आसपास शोधा. नाहीच सापडला तर दुकानात बिल नंबर देऊन मागा, तुम्ही पैसे भरलेत, तुमच्या अटींची कॉपी मागणं हा काही उपकार मागणं नाहीये.

कागद हातात आला की तुम्हाला कदाचित पहिल्यांदा दिसेल की हा प्लॅन टीव्हीच्या कंपनीचा नाहीचे. बहुतेक वेळा दुकान विकतं, चालवते तिसरीच एक कंपनी, आणि रिपेअरला येतो तो मात्र टीव्ही कंपनीचाच किंवा भलत्याच एजन्सीचा माणूस. म्हणून तर टीव्ही कंपनीला फोन केला की ‘तुमची वॉरंटी संपली’, दुकानात गेलं की ‘टोल फ्रीला फोन करा’, आणि टोल फ्रीवाले म्हणतात टेक्निशियनचा रिपोर्ट येऊ दे. तुमचे पाच आठवडे या त्रिकोणात गेलेत. यात कोणी दुष्ट असतोच असं नाही, पण तिघांपैकी कोणालाच घाई नसते हे मात्र मी काउंटरवरून रोज बघितलंय.

त्या कागदात एवढंच शोधा की रिपेअर होत नसेल तर काय. तुमची सगळी केस त्या एका परिच्छेदात आहे. काही प्लॅनमध्ये तिथे लिहिलेलं असतं की त्याच किंवा सारख्या फीचरचा टीव्ही देऊ. काहींमध्ये एक तक्ता असतो, इतके महिने झाले की बिलातून इतके टक्के घसारा, डिप्रिसिएशन म्हणतात ते, आणि उरलेल्या रकमेचं व्हाउचर. आणि काहींमध्ये निर्णय आमचा, असं मोघम वाक्य. तिन्हींमध्ये तुमचं उत्तर वेगळं होतं. पहिलं असेल तर 38,394 ची ऑफर त्यांच्याच कागदाच्या विरुद्ध आहे आणि तुम्ही बिनधास्त भांडा. दुसरं असेल आणि तक्त्यात तुमच्या महिन्यांसमोर खरंच 40 टक्के कट लिहिला असेल तर त्यांनी ठरल्याप्रमाणेच दिलंय, राग दुकानातल्या त्या मुलावर काढा. तिसरं असेल तर मग घासाघीस, तिथे 60 चे 70 होऊ शकतात, 60 हा आकडा कुठून आला हे त्यांनाच सांगता येत नसतं.

तक्ता असेल तर तारीख नीट बघा बरं का. घसारा कुठल्या दिवसापर्यंत मोजलाय? तुम्ही तक्रार नोंदवली त्या दिवसापर्यंत की त्यांनी ऑफर दिली त्या दिवसापर्यंत? पाच आठवडे त्यांनी लावले. त्या पाच आठवड्यांत तुमचा टीव्ही पुढच्या स्लॅबमध्ये गेला असेल तर तो उशीर तुमच्या खिशातून का? तक्रार नोंदवल्याचा एसएमएस जपून ठेवा, डिलीट केला असेल तर कंप्लेंट नंबरवरून तारीख लेखी मागा. हे फार कमी लोक विचारतात, आणि विचारलं की समोरचा जरा गप्प होतो.

आता तुमचा दुकानातला मुलगा. ‘डायरेक्ट नवीन टीव्ही’ हे तो म्हणाला याबद्दल मला शंका नाही, मी असल्या मुलांना ओळखते, महिनाअखेरीला प्लॅनचं टार्गेट असतं आणि चहाला पैसे नसतात. पण तोंडी बोललेलं सिद्ध करणं अवघड. तरी तेव्हाचं एखादं पॅम्फ्लेट, त्याने व्हॉट्सअपवर पाठवलेला प्लॅनचा फोटो, दुकानाचा मेसेज, असं काही सापडलं तर बघा, तसलं छापील आश्वासन उपयोगी पडतं.

थोडा हिशोब करू, कारण पत्रात आकडे आहेत पण हिशोब नाही. तुम्ही प्लॅनला दिले 6,499. परत येतायत 38,394. प्लॅन घेतलाच नसता तर या रेषा आल्या त्या दिवशी तुमच्या हातात काय असतं? शून्य, आणि भंगारवाला. पॅनेल म्हणजे टीव्हीतला सगळ्यात महाग भाग, ते गेलं की बाहेर रिपेअर करून घेणं बहुतेक वेळा परवडतच नाही. म्हणजे ज्या माणसाने ‘मी सांगत होतो’ म्हटलंय, त्याचं ऐकलं असतं तर आज तुम्ही जवळजवळ 32 हजारांनी खाली असता. मी स्वतः हे प्लॅन घ्या असं कोणाला सांगत नाही, दहातल्या बहुतेकांना ते कधी लागतच नाहीत आणि दुकानं त्यावरच कमावतात, पण तुमचा लागला. हा कागद करून जेवताना मिस्टरांच्या ताटाशेजारी ठेवा, काही बोलू नका.

अजून एक हिशोब. तुम्ही टीव्ही घेतला तेव्हा 32 इंचाच्या वरच्या टीव्हीला 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 झालाय. तुमच्या 64 हजारांत 50 हजार टीव्ही आणि 14 हजार टॅक्स होता. तोच मूळ भाव आज धरला तर टॅक्स 9 हजार, टीव्ही 59 हजारांना. शिवाय दोन-अडीच वर्षांपूर्वीच्या फीचरचा टीव्ही आज त्या मूळ भावालाही कोणी घेत नाही. म्हणजे तुमच्या डोक्यात 64 मधून 38 गेले, 26 हजार खिशातून, असा जो आकडा बसलाय तो खरा नाही. वाशीला किंवा सीवूड्सच्या मॉलमध्ये एक चक्कर मारा, आजच्या किमती लिहून आणा, आणि त्यातून व्हाउचर वजा करा. जो आकडा येईल त्यावर भांडायचं की नाही ते ठरवा. समजा 8-10 हजार निघाले, तर त्यासाठी वर्षभर तारखा करायच्या का, हे तुम्हीच सांगा. 20 निघाले तर गोष्ट वेगळी.

व्हाउचरच्या अटी फोनवर ऐकू नका, लेखी घ्या. किती महिने चालेल, एकदाच वापरायचं की तुकड्यात, सेलच्या किमतीवर चालतं की फक्त एमआरपीवर (इथे माणसं फसतात, ज्या टीव्हीवर बाहेर ऑफर आहे तोच टीव्ही व्हाउचरवाल्याला ऑफरशिवाय देतात, मग 38 चे खरे 30 होतात), बँकेच्या कार्डाचा डिस्काउंट सोबत मिळतो का, टीव्हीऐवजी फ्रिज घेतला तर चालेल का. व्हाउचरच्या जागी बँकेत पैसे द्या असंही विचारून बघा, बहुतेक नाही म्हणतील, विचारायला काय जातंय.

आणि हे ‘तीन दिवसात कळवा’. ताई, तीन दिवस ही मुदत फोनवरच्या मुलीच्या स्क्रीनवर असते, फाइल बंद करायला. पाच आठवडे त्यांनी घेतले आणि तुम्हाला तीन दिवस, हे कुठल्या अटीत लिहिलंय ते विचारा. तुम्ही घाई करताय ती मुलीमुळे नाही, सासऱ्यांमुळे करताय, हे पत्रात दिसतं. घरात म्हातारं माणूस दिवसभर मोबाइल डोळ्याला लावून बसलंय म्हटल्यावर कुठलीही सून हो म्हणून मोकळी होईल. म्हणून आधी त्यांची सोय करा, मग भांडायला बळ येईल. मुलाचा कॉम्प्युटरचा मॉनिटर असेल तर सेटटॉप बॉक्सची एचडीएमआय वायर त्याला लागते, मॉनिटरला स्पीकर नसले तर आवाजासाठी बॉक्सच्या मागच्या ऑडिओच्या भोकातून जुन्या स्पीकरला वायर द्या. नाहीतर नातेवाइकांत कोणाकडे तरी 32 इंची पडून असतो, महिनाभर मागा. सासऱ्यांच्या बातम्या सुरू झाल्या की तुमचे तीन दिवस आपोआप तीस होतात.

त्या दरम्यान एक ईमेल करा. प्लॅनवाल्यांना, आणि कॉपी दुकानाला. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, साधं लिहा, असं काहीतरी: ‘माझा कंप्लेंट नंबर अमुक, नोंदवल्याची तारीख अमुक. तुमच्या टेक्निशियनने पॅनेल उपलब्ध नसल्याचं सांगितलं, त्याची जॉबशीट जोडली आहे. फोनवर मला 38,394 रुपयांच्या व्हाउचरची ऑफर दिली. ही रक्कम प्लॅनच्या कुठल्या अटीनुसार काढली, घसारा कुठल्या तारखेपर्यंत धरला आणि व्हाउचरच्या अटी काय, हे लेखी कळवावं. पंधरा दिवसात उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.’ बस. ‘तुम्ही चोर आहात’ नको, ‘माझे सासरे आजारी आहेत’ पण नको. मी काउंटरला असताना रागाच्या मेलला ठरलेलं छापील उत्तर जायचं, आणि असला मेल आला की तो वर साहेबांकडे जायचा, कारण उत्तर द्यायला कागद काढावे लागायचे.

जॉबशीट दिली नसेल तर मागा. हे तुमच्याबरोबर बाकीच्या वाचकांसाठी पण सांगते, टेक्निशियन दारातून बाहेर पडायच्या आधी जॉबशीट वाचायची, सही नंतर. तुमचं नशीब की त्याने ‘पार्ट उपलब्ध नाही’ म्हटलं. खूप जणांना तिथे ‘फिजिकल डॅमेज’ किंवा ‘लिक्विड’ असे दोन शब्द लिहिलेले सापडतात आणि क्लेम तिथेच संपतो, कारण बहुतेक प्लॅनमध्ये आपटलेलं, फुटलेलं, पाणी गेलेलं, मुंग्या-झुरळं-पाल शिरलेलं, हे सगळं बाहेर असतं. पॅनेलच्या काठाला बारीक रिबनी चिकटवलेल्या असतात, त्यांचा जोड सुटला की उभ्या रेषा येतात, त्यात तुमचा काही दोष नसतो. पण स्क्रीनवर थेट स्प्रे मारून पुसलं की ओघळ खालच्या काठात जातो आणि त्या रिबनींची वाट लागते, मग लिक्विड लिहितात आणि ते खरंही असतं (कामवाल्या मावशींना आजच सांगा, कोरड्या मऊ फडक्याने). फुटलेलं पॅनेल वेगळं दिसतं, एका जागेवरून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे निघतात. तेव्हा टेक्निशियन यायच्या आधी टीव्ही बंद करून, बाजूने उजेड टाकून चारही कोपऱ्यांचे फोटो काढायचे, आणि चालू करून रेषांचा एक व्हिडिओ. तो फिजिकल डॅमेज लिहायला लागला तर म्हणायचं, दाखव कुठे, आणि नाही दाखवलं तर सही करताना त्याखाली स्वतःच्या हाताने लिहायचं, ‘स्क्रीनवर तडा नाही, ग्राहकाला मान्य नाही’. टेक्निशियन कुरकुरेल. कुरकुरू दे.

आता तुमचा मुलगा. ग्राहक कोर्टात खेचू म्हणतोय, चांगलंय, पण त्याला आधी 1915 ला फोन करायला लावा, ती सरकारची ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, तक्रार ते कंपनीकडे पाठवतात. ते कोर्ट नव्हे, हुकूम काढू शकत नाहीत, पण बऱ्याच गोष्टी तिथेच सुटतात कारण कंपनीत ती तक्रार वेगळ्या टेबलावर जाते. त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 चा नवा कायदा आल्यापासून, म्हणजे तो लागू झाला जुलै 2020 मध्ये, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की बंगळुरूत. नेरुळ ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे तुम्हाला ठाण्यापर्यंतही जायला नको, अतिरिक्त आयोग बेलापूरला कोकण भवनात बसतो. (खारघर, कामोठेवाल्यांनो, तुम्ही नवी मुंबईत राहत असलात तरी जिल्हा रायगड, तुमचा आयोग अलिबागला. होय, मलाही विचित्र वाटतं.) पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रारीत दुकान आणि प्लॅनची कंपनी दोघांनाही पार्टी करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटतो. एकटं वाटलं तर मुंबई ग्राहक पंचायत आहे, 1975 पासून हेच करतायत, त्यांच्याकडे मार्गदर्शन मिळतं.

पण मुलाला हे पण सांगा की कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलेलं असलं, वस्तू तपासायला पाठवली तर पाच, तरी प्रत्यक्षात तारखा लांबतात. आणि तारखांना जाणार कोण? तो कॉलेजला, मिस्टर ऑफिसला, म्हणजे तुम्हीच. कागदात ‘सारखा टीव्ही देऊ’ लिहिलं असेल तर जा, मी म्हणेन नक्की जा. तक्त्यात 40 टक्के कट स्पष्ट लिहिला असेल आणि तुम्ही फक्त त्या पोराच्या तोंडी वाक्यावर जाणार असाल, तर मी तुमच्या जागी नसते गेले.

हरणं-जिंकणं म्हणालात. तुम्हाला 38 हजार कमी वाटतायत की ते घेताना मिस्टरांचा चेहरा समोर येतोय? पत्रात कंपनीबद्दल चार ओळी आहेत आणि मिस्टरांबद्दल अकरा, मी मोजल्या. कंपनीकडून 64 हजार आले तरी ‘मी सांगत होतो’ हे वाक्य घरात राहणारच आहे, पुढच्या वेळी गीझरवर येईल. त्यावर माझ्याकडे प्लॅन नाहीये. आमच्याकडे ते प्रेशर कुकरवर आलं होतं.

मध्यातला रस्ता पण आहे एक. हिशोब बघून व्हाउचर घ्यायचं ठरवलं आणि रक्कम मात्र पटली नाही, तर स्वीकारताना लिहून द्या की माझे हक्क राखून घेतेय, उरलेल्या रकमेचा दावा सोडलेला नाही. ते कदाचित ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या फॉर्मवर सही मागतील किंवा ओटीपी मागतील. ओटीपी म्हणजे पण सहीच समजा, कशासाठी आलाय तो मेसेज पूर्ण वाचून मगच सांगा. एकदा फुल अँड फायनलवर सही गेली की मागचं उकरणं फार अवघड. आणि व्हाउचर मिळालं की तुमचा जुना प्लॅन बहुतेक तिथेच संपतो, नव्या टीव्हीला पुन्हा कंपनीचं एक वर्ष सुरू. काउंटरवर परत कोणीतरी ‘मॅडम एक्स्टेंडेड वॉरंटी’ म्हणेल. या वेळी त्याला म्हणा, रिपेअर नाही झालं तर काय ते लिहिलेलं पान दाखव, इथेच वाचते. दाखवलं आणि पटलं तर घ्या, माझी काही शपथ नाहीये.

जुना टीव्ही न्यायला माणूस येईल त्याच्या आदल्या दिवशी टीव्हीतली सगळी अकाउंट काढून टाका, यूट्यूब, ओटीटी, गुगल. रेषांमुळे मेनू दिसत नसेल तर मोबाइलवरून त्या त्या ॲपमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करता येतं. नेताना पोचपावती घ्या, सीरियल नंबर लिहिलेली. आणि भिंतीवरचा ब्रॅकेट वेगळे पैसे देऊन लावला असेल तर तो तुमचा आहे, तो काढून द्यायचा नाही. नव्या टीव्हीच्या मागच्या भोकांमधलं अंतर वेगळं असू शकतं, म्हणून दुकानात जाताना ब्रॅकेटचं माप लिहून न्या, त्याचे स्क्रू एका पिशवीत बांधून ठेवा आणि पिशवी कुठे ठेवली ते सासऱ्यांना सांगून ठेवा.